देवीचे व्रण आणि फोटोशॉप

संगणकाचा इतिहास सांगायचा म्हटले की अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. चिकलठाण्यापुरता विचार केला तर तो जालना रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या गाळ्यापासून सुरू करावा लागेल. गाळ्यावर पाटी होती : ‘झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत’. अशा पाट्या मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्याच्या गावी होत्या आणि आजही आहेत. आपल्यापैकी अनेकांची संगणकाशी पहिली ओळख अशाच एखाद्या पाटीखाली झाली.

चिकलठाणा हे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वेचे गाव. गावाजवळच विमानतळ आणि औद्योगिक वसाहत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे इथल्या ज्वारीच्या रानात कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. कारखान्यांत संगणक आले ते थंडगार खोलीत, काचेआड. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. बाहेरच्या माणसाला ती खोली म्हणजे देवघरच वाटे. गाळ्यातला संगणक मात्र आपला होता. त्याच्या कीबोर्डवर चहाचे डाग होते आणि मॉनिटरवर उदबत्तीची राख पडलेली असे.

त्या काळात ‘संगणक वापरणे’ याचा अर्थ संगणक चालवणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसणे असा होता. आपण सांगायचे आणि त्याने करायचे. “अक्षर जरा मोठं कर.” “आडनाव चुकलं बघ.” “फोटो उजवीकडे सरकव.” लग्नपत्रिका, बायोडाटा, बँकेचा अर्ज, गणेश मंडळाची पावती, उरुसाचे हँडबिल, सगळे या स्टुलावर बसून झाले. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पाठोपाठ एमएस-सीआयटीचे वर्ग गल्लोगल्ली निघाले आणि मग कुठे लोकांच्या हाती माउस आला. तरीही फोटोचे काम असले की पुन्हा गाळ्यातच जावे लागे. आज मला बोलायचे आहे ते या फोटोच्या कामाविषयी.

फोटो आमच्या भागात नवा नव्हता. हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सहाव्या निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ यांच्यासारखा छायाचित्रकार होता. त्यांनी वेरुळच्या लेण्यांचे फोटो काढले, शिकारीचे काढले, मेजवान्यांचे काढले. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला एका इंग्रज बाईंना नेमले. अर्थात हे सारे अमीर-उमरावांचे. साध्या घरात फोटो शिरला तो कागदाच्या मागोमाग. परीक्षेचा फॉर्म, नोकरीचा अर्ज, ओळखपत्र. आमच्यासारख्या घरांत काही वडीलधाऱ्यांना फोटो काढणे पसंत नसे, पण हजला जायचे तर फोटो हवाच. चिकलठाण्याच्या विमानतळावरून हजची विमाने उडू लागली ती फार पुढे. त्याआधी मुंबईला जाऊन बोटीत बसावे लागे. त्या प्रवासालाही कागद लागे आणि कागदावर चेहरा लागे. आयुष्यात एकच फोटो काढलेली आणि तोही हजसाठी, अशी कितीतरी माणसे मी पाहिली आहेत.

चेहरा सुधारून देण्याची कलाही संगणकाने आणलेली नाही. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फ्स्टॅन्गल याने एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी शेजारी मांडले होते, एक जसाच्या तसा आणि दुसरा निगेटिव्हवर हात फिरवलेला. लोक थक्क झाले. पुढे ही विद्या जगभरच्या स्टुडिओंत पोहोचली. आपल्याकडेही निगेटिव्ह उजेडावर धरून टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या बुजवणारे कारागीर होते. मात्र त्यासाठी हात कसलेला लागे आणि वेळही लागे. म्हणून सुधारणा बेताचीच होई. डोळ्याखालची काळी रेघ जाई, माणूस मात्र तोच राही.

फोटोशॉपने हा बेत मोडला. त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे. मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास करणाऱ्या थॉमस नोल याने १९८७ साली आपल्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता. त्याला त्यातले मर्म कळले. दोघांच्या वडिलांना फोटोग्राफीचा छंद, घरात डार्करूम, त्यामुळे फोटो धुताना काय काय करावे लागते हे मुलांना लहानपणापासून ठाऊक. १९९० च्या फेब्रुवारीत अॅडोबी कंपनीने हा प्रोग्राम फोटोशॉप या नावाने बाजारात आणला, तोही फक्त मॅकिन्टॉशसाठी. पुढे तो विंडोजवर आला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ म्हणजे एकावर एक थर ठेवण्याची सोय झाली. या थरांविषयी पुढे बोलणारच आहे. आमच्या गाळ्यात जे पोहोचले आणि वर्षानुवर्षे टिकले ते २००२ सालचे फोटोशॉप सेव्हन. ते कोणत्या वाटेने आले हे न विचारणे बरे. शंभर रुपयांच्या सीडीत असे डझनभर प्रोग्राम मिळत.

या सातव्या आवृत्तीत एक नवे हत्यार होते, हीलिंग ब्रश. जखम भरून काढणारा कुंचला म्हणा. आधीच्या आवृत्त्यांत फोटोचा एक तुकडा उचलून दुसरीकडे छापता येई, पण जोड दिसे. उजेडातला गाल सावलीतल्या गालावर ठिगळासारखा वाटे. हीलिंग ब्रशने ही अडचण सोडवली. तो जवळच्या चांगल्या कातडीचा पोत घेतो आणि जिथे लावायचा तिथल्या रंगाशी, उजेडाशी जुळवून घेतो. म्हणजे डागाच्या जागी जी कातडी येते ती त्याच माणसाची असते. एका क्लिकमध्ये पुटकुळी नाहीशी. लग्नाच्या अल्बमवाल्यांना तर वरदानच मिळाले. नवरदेव गोरा, नवरी त्याहून गोरी आणि मागे स्वित्झर्लंडचा डोंगर. आपण हसतो, पण ज्या पोरीचे लग्न चेहऱ्यावरच्या एका डागामुळे मोडले असेल तिला विचारा. तिने तो डाग पुसून घेतला तर मी नावे ठेवणार नाही.

माझी गोष्ट वेगळ्या डागांची आहे.

माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीचे मास्तर होते. चिकलठाण्याच्या पुढे एका खेड्यातली शाळा. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या. वाचले, पण चेहराभर व्रण राहिले. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर खोल खोल खड्डे. आम्हा मुलांना त्याचे काही वाटत नसे. सर्वांचे वडील असेच असतात अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

सरकारने देवीच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ साली सुरू केली. लस टोचणारे शाळेत येत. दातेरी चकती कातडीवर दाबून फिरवायची अशी तेव्हाची एक पद्धत होती आणि ती चांगलीच दुखे. दोन टोकांची साधी सुई नंतर आली. टोचणारे फाटकात दिसले की पोरे मागच्या भिंतीवरून उड्या टाकून रानात पळत. अब्बा त्यांना हाका मारत नसत. मास्तर रागावतील या भीतीने चार-पाच पोरे मागे राहत, तेवढ्यांना ते समोर बसवत, स्वतःच्या गालावर बोट ठेवत आणि म्हणत, “जवळ या. हात लावून बघा. टोचून घेतलं नाही की हे होतं.” पोरे हात लावून बघत. मग बाहीवर करत. दुसऱ्या दिवशी पळालेलीही येत. पुढे तालुक्यातल्या इतर शाळांतूनही त्यांना बोलावणे येऊ लागले. अम्मी चिडवायची, म्हणायची, तुमचा चेहरा सरकारी कामाला लागला.

या शाळेचा सुवर्णमहोत्सव २००३ साली झाला. स्मरणिका काढायची ठरली. अब्बांना जाऊन दोन वर्षे झाली होती. माजी शिक्षकांच्या पानासाठी त्यांचा फोटो मागवला, मी घरातला एकुलता एक जुना फोटो दिला. स्मरणिकेची जुळणी ज्या गाळ्यात चालली होती तिथला मुलगा हुशार होता, कामाला चोख होता. त्याने फोटो स्कॅन केला, वरच्या चिरा बुजवल्या, कडेचा पिवळेपणा काढला आणि त्याच झपाट्यात अब्बांच्या चेहऱ्यावरचे सगळे व्रण पुसले. अंक छापून आल्यावर मला भेटला तेव्हा आनंदाने म्हणाला, “काका, तुमच्या वडिलांचा फोटो एकदम क्लीन करून टाकला. दोन तास लागले.” पैसेही जास्तीचे घेतले नव्हते.

अंक घरी नेला. अम्मीने चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेले, आणि विचारले, “ये कौन है?”

खाली नाव छापलेले होते. पण तिला मराठी वाचता येत नव्हते. तिने चेहराच वाचला होता.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. फोटोवरची चीर आणि माणसावरचा व्रण यांत फरक असतो हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तो जन्मला तेव्हा देवी हा रोगच जगात उरला नव्हता. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला. १९७७ साली देश देवीमुक्त ठरला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळे जग मुक्त झाल्याचे जाहीर केले. मुंबईत पहिली लस १८०२ च्या जूनमध्ये ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली होती. म्हणजे हे काम पुरे व्हायला आपल्या देशाला पावणेदोनशे वर्षे लागली. त्या मुलाने असे चेहरे पाहिलेलेच नव्हते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ज्या शाळेत तो चेहरा दाखवून पोरांना लस टोचली, त्याच शाळेच्या इतिहासात तो चेहरा गुळगुळीत होऊन छापला गेला. पाचशे प्रती वाटल्या गेल्या. अब्बांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला फोन करून विचारले, “गुरुजींचा फोटो मिळाला नाही का? दुसऱ्याच कुणाचा छापलाय.”

काय पुसायचे आणि काय ठेवायचे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. इथून शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या चित्रांच्या नकला करायला पाठवले. गिलची आणि पारोची गोष्ट मराठी वाचकांना ठाऊक आहे. मला त्याच्या कामाविषयी सांगायचे आहे. जवळजवळ वीस वर्षे त्याने नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थी घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. आज आपण ज्याला बॅकअप म्हणतो तो दोनदा गेला, मूळ मात्र डोंगरात राहिले.

मूळ राहिले, पण त्यालाही लोकांनी सुधारायचे सोडले नाही. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारे रंग पक्के बसवले, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. पुढे ते रोगण पिवळे, काळपट पडले आणि ते उतरवण्यात नंतरच्या लोकांची वर्षे गेली. हेतू चांगलाच होता, आमच्या गाळ्यातल्या मुलासारखा.

अलीकडे नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचे बारकाईने फोटो घेऊन गळून गेलेले भाग संगणकावर भरून काढण्याचे काम हाती घेतले आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. भिंतीला हात लागत नाही. जे भरायचे ते फोटोत भरायचे. उद्या कुणाला ते पटले नाही तर भिंत आहे तशीच आहे.

जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी १९६४ साली व्हेनिसला एक सनद केली. तीत असे कलम आहे की, नाहीसा झालेला भाग नव्याने बसवताना तो एकूण कामाशी जुळला पाहिजे, पण मूळ कोणते आणि नवे कोणते हे ओळखूही आले पाहिजे. आता गंमत पाहा. फोटोशॉपमधले थर नेमके याच कामाचे आहेत. मूळ फोटो तळाच्या थरात तसाच ठेवायचा, त्याची प्रत वरच्या थरावर घ्यायची आणि काय हात फिरवायचा तो तिच्यावर. वरचा थर झाकला की खालचा माणूस पुन्हा समोर. सोय होती, १९९४ पासून होती. पण गाळ्यात गर्दी, संगणकाची मेमरी तोकडी, थरांची फाइल जड. काम झाले की सगळे थर एकात दाबून टाकायचे आणि हलकी फाइल ठेवायची, हीच रीत पडली. इतिहास असा पुष्कळदा जागा वाचवण्यासाठी जातो.

फोटोचे हे झाले, अक्षरांचेही तसेच आहे. मी कविता लिहितो म्हणून हे जास्त टोचते. माझ्या पहिल्या संग्रहाची जुळणी १९९८ साली अशाच एका गाळ्यात झाली. त्या वेळी श्रीलिपी, आकृती अशा प्रणाल्या होत्या, शिवाय पुण्याच्या सी-डॅकचे तंत्र होते. मराठी छपाईवर त्यांचे मोठे ऋण आहे. पण तेव्हाच्या बहुतेक फॉन्टांत पडद्यावर दिसणारे अक्षर मराठी आणि संगणकाच्या पोटात त्याचा क्रमांक इंग्रजी अक्षराचा, अशी व्यवस्था असे. फॉन्ट काढून घेतला की कविता म्हणजे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. देवनागरीला जगभर एकच क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ साली आली होती. विंडोज २००० पासून ती घरच्या संगणकात उतरली. तीसोबत आलेला मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखला. जोशी सुलेखनकार होते आणि मराठी कवीही होते. आपल्या संगणकांत वर्षानुवर्षे एका मराठी कवीने रेखलेली अक्षरे बसली होती, हे फार थोड्यांना माहीत आहे. मला त्याचा उगाचच अभिमान वाटतो.

तर त्या संग्रहाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून जुनी फाइल युनिकोडमध्ये फिरवून घेतली. अक्षरे आली, पण ‘वाऱ्यावर’ या शब्दातला तो आडवा, बारीक र गेला. ‘वार्यावर’ झाले. त्या प्रोग्रामला दोन प्रकारचे अर्धे र असतात हेच ठाऊक नव्हते. हा आडवा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. त्याच्या दृष्टीने तो एक दोष होता, त्याने तो दुरुस्त केला. आणखी एका ओळीत ‘दऱ्या’ होते, तिथे ‘दर्या’ झाले. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. दर्या म्हणजे समुद्र, फारसीतून आपल्याकडे आलेला. माझ्या घरात दोन्ही शब्द रोजचे, पण मराठवाड्याच्या कवितेत उगाच समुद्र कशाला आणायचा? एकेक शब्द शोधून सगळे र परत बसवावे लागले. ते बसवता आले, कारण छापलेले पुस्तक शेजारी होते.

आता गाळ्यात जायचीही गरज उरली नाही. फोन हातात आहे आणि कित्येक फोनांत फोटो काढता काढताच चेहरा गुळगुळीत होतो. कुणी सांगावेही लागत नाही. मुलीने मध्यंतरी घरातले सगळे जुने फोटो फोनमध्ये भरले. फोन आपणहून चेहऱ्यांच्या जोड्या लावतो आणि शंका आली तर विचारतो. त्याने अब्बांचा मूळ फोटो आणि स्मरणिकेतला फोटो शेजारी ठेवून विचारले की ही एकच व्यक्ती आहे की वेगवेगळ्या? मुलगी मला विचारायला आली.

त्या शाळेचा अमृतमहोत्सव आता जवळ आला आहे. पुन्हा स्मरणिका निघणार आहे, पुन्हा फोटो मागितला आहे. या वेळी मीच स्कॅन करून पाठवला, पुढची बाजू आणि मागचीही. मागे स्टुडिओचा निळा शिक्का आणि अब्बांच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेली तारीख आहे. ते पाहिल्याशिवाय फोटो कधीचा ते कळत नाही. आपणही जुने फोटो स्कॅन कराल तेव्हा पाठ विसरू नका. कितीतरी नावे तिथेच असतात. सोबत चिठ्ठी पाठवली की चिरा बुजवल्या तरी चालतील, चेहऱ्याला हात लावू नये.

जुळणी करणाऱ्या मुलीचा फोन आला. म्हणाली, “सर, गालावर खूप डॉट्स दिसतायत. स्कॅनरची काच पुसून परत पाठवता का?” मी म्हटले, “काच स्वच्छ आहे. वेळ असेल तर सांगतो.” तिला वेळ होता.